बैल उधारीचा, विंचू रोखीचा

खताच्या दुकानात बसून इंग्रजी कविता लिहिणाऱ्या माणसाकडून गाव युरिया बिनधास्त नेतं, पण सुट्टे पैसे दोनदा मोजून घेतं. मी औरंगाबादच्या विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केलं आणि पुसेगावात कृषी सेवा केंद्र टाकलं. हे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं प्रसिद्ध पुसेगाव ते साताऱ्याचं. त्यामुळे मुंबईहून नाकारल्या गेलेल्या माझ्या कविता आधी सेवागिरींचं दर्शन घेतात आणि मग घरी येतात.

या उद्योगात मला मोठा आधार निसीम इझिकेल यांचा. मुंबईचे बेने इस्रायली ज्यू, जन्म १६ डिसेंबर १९२४. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, आई शाळेची मुख्याध्यापिका. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवींना त्यांनी नवं वळण दिलं, असं परीक्षेत लिहायचं असतं आणि ते मी लिहिलंही होतं. पण मला ते आवडतात त्याचं कारण वेगळं. हे गृहस्थ १९५४ ते १९५९ या काळात चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर होते. जाहिरातींचा मजकूरही त्यांनी लिहिला. आणि पुढे १९६४ ते १९६६ ते टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक झाले. चौकटी विकणाऱ्याला आतलं चित्र कसं आहे ते सांगायचा अधिकार मिळतो, तर बियाणं विकणाऱ्याला का मिळू नये? हा प्रश्न मी फक्त स्वतःलाच विचारला, म्हणून उत्तर अनुकूल आलं.

जहांगीर आर्ट गॅलरी पुसेगावात नाही. भिंती आहेत, आणि त्या रंगवणारा पेंटर आहे. माझ्याच दुकानाच्या भिंतीवर त्यानं एक पांढरा बैल काढला होता. मी त्याला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि १९४७ सालच्या मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपपासून सुरुवात केली. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे सांगून झाले. हरी अंबादास गाडे तर आपल्या शेजारच्या विदर्भातले, हेही सांगितलं. तो ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पुसत निमूटपणे ऐकत होता. मग मी मूळ मुद्द्यावर आलो. म्हटलं, "रेषेत दम आहे, पण बैलाला वजन नाही. पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत."

"शेठ," तो म्हणाला, "बैल उधारीवर उभा हाय. पाय कामून टेकतील?"

टाइम्सच्या समीक्षकाला असं उत्तर कधी मिळालं असेल असं वाटत नाही.

श्रावणात कोळपण्या उरकल्या, माणसं जरा मोकळी झाली, तेव्हा वाचनाचा नाद असलेली काही पोरं माझ्याकडे आली. त्यांना व्याख्यान ठेवायचं होतं आणि बाहेरचा वक्ता परवडत नव्हता. मी विषय दिला: निसीम इझिकेल, जीवन आणि कार्य. पोरांचे चेहरे उतरले. "सर, नावालाच कोणी येणार नाही." मग मी इझिकेल यांच्या सगळ्यात गाजलेल्या, १९६५ च्या 'द एक्झॅक्ट नेम' या संग्रहातल्या कवितेवरून नाव सुचवलं: विंचवाची रात्र. पोरं एकदम खूश. फलकाचं काम पेंटरला, पैसे वर्गणीतून, आगाऊ.

तो फलक पाराजवळ लागला तेव्हा मी बघायला गेलो. पूर्ण कापडभर विंचू. काळाभोर, नांग्या उघडलेल्या, शेपटी अशी उचललेली की मी नकळत चपलेतला पाय मागे घेतला. पुसेगावच्या कलेच्या इतिहासात इतकं जिवंत काम झालेलं नाही, हे मी समीक्षक म्हणून आजही लिहून देईन. खाली 'विंचवाची रात्र' आणि नेमकं नांगीच्या टोकाखाली माझं नाव. इझिकेल यांचं नाव जागा पुरली नाही म्हणून गळालं होतं.

"हा कसा काय जमला?" मी पेंटरला विचारलं.

"हा रोखीतला हाय," तो म्हणाला.

संध्याकाळी पावसाची भुरभुर असूनही मंदिराचा सभामंडप भरला. पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ कसलीशी मुळी कागदात गुंडाळून बसले होते. शेजारी शेजारच्या वाडीवरचा उतारा करणारा. आयाबाया लेकरं घेऊन आल्या होत्या. कविता ऐकायला एवढी गर्दी बघून माझा गळा दाटून आला. ही माणसं कशासाठी आली आहेत हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी पूर्वपीठिका मांडली. बेने इस्रायली कोकणात कसे वसले, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मागून एक जण उठला.

"इस्रायल म्हंजे ते ठिबकवालं ना, शेठ?"

मी म्हटलं, तोच देश, पण हे लोक शेकडो वर्षांपूर्वीच इकडे आलेले. "मग आता ठिबक काय भावानं चाललंय?" इथे मी कवितेशी एकनिष्ठ राहायला हवं होतं. पण तोंडून एकरी खर्च निघाला, मग अनुदान, मग हळदीला इनलाइन बरं की कसं. दोन गिऱ्हाइकं तिथंच पक्की झाली. निसीम इझिकेल तोवर मुंबईतच थांबले होते.

त्यांना मी घाईनं लंडनला पाठवलं. १९४८ साली नाटकवाल्या इब्राहिम अल्काझींनी तिकिटाचे पैसे दिले, तिथं तत्त्वज्ञान शिकले, १९५२ साली पहिला संग्रह निघाला आणि परत येताना मालवाहू जहाजाचा डेक घासत आले. "जाताना दुसऱ्याच्या पैशानं, येताना आपल्या अंगमेहनतीनं," मुळीवाले म्हणाले. "माणूस सरळ दिसतो." इझिकेल यांच्यावरचे जाडजूड ग्रंथ मी वाचलेत, असा स्वच्छ अभिप्राय त्यात सापडला नाही. मग मी सांगितलं की वृंदा नाबर यांच्याबरोबर त्यांनी आपल्या इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या आणि त्या पुस्तकाच्या नावात सापाची कात आहे. सभेत कुजबुज झाली. विंचूही, सापही. "वैदू होता काय?"

शेवटी कविता. मी ती मराठीत गोष्टीसारखी सांगायला घेतली. धो धो पाऊस, त्या पावसानं घरात, तांदळाच्या पोत्याखाली शिरलेला विंचू, आईच्या पायाला डंख. कंदील घेऊन धावत आलेले शेजारी. विष चढेल तसं मागच्या जन्मीचं पाप जळेल, असं म्हणणारी माणसं. इथं सगळा मंडप माना डोलवत होता. एम.ए.ला आमच्या सरांनी या ओळींतला उपरोध समजावायला दोन तास घेतले होते. इथं कोणाला त्यात उपरोध दिसेचना. मग कवीचे वडील, देवधर्म न मानणारे, तेही मुळ्या, चूर्ण सगळं करून बघतात आणि शेवटी अंगठ्यावर रॉकेल ओतून काडी लावतात.

"चुकलं!" मुळीवाले ओरडले. "रॉकेल नाही, कांदा चोळावा."

"कांदा गांधीलमाशीला. इचवाला चिंचोका घासून लावतेत."

"आधी मंत्र, मग चिंचोका."

मी ध्वनिक्षेपकात "प्रतीक, प्रतीक" असं म्हणत राहिलो. तेवढ्यात मंडपाच्या दाराशी मोटारसायकल थांबली आणि दोघांच्या मधे बसवलेले एक आबा उतरवण्यात आले. गोठ्यात वैरण काढताना पायाच्या अंगठ्याला विंचू चावला होता. लेकानं पाराजवळचा फलक बघितला होता, त्यावर माझं नाव बघितलं होतं आणि सरळ माझ्यासमोर आणून बसवलं होतं.

आता इथून पुढची माझी कामगिरी. माझ्या टिपणांच्या शेवटच्या पानावर डॉ. हिंमतराव बावस्कर होते. आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. महाडकडे लाल विंचवाच्या दंशानं माणसं हृदय निकामी होऊन मरतात हे त्यांनी रुग्णांजवळ रात्री जागून ओळखलं, रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वेळेत देऊन मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपासचं एक टक्क्यावर आणलं, 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. इझिकेल यांना १९८८ साली पद्मश्री, बावस्करांना २०२२ साली. कवितेतल्या विंचवाला डॉक्टरनं दिलेलं उत्तर, असा माझा टाळ्यांचा शेवट ठरला होता. हे सगळं माझ्या हातात कागदावर होतं. आणि समोर घामाघूम झालेला माणूस बघून मी काय म्हणालो? म्हणालो, "एकच मिनिट. कविता संपू द्या."

हे वाक्य आता गावात म्हणीसारखं वापरतात.

आरोग्य खात्याच्या आशाताई मागच्या रांगेतून उठल्या. त्यांनी उताऱ्यावाल्याला बाजूला केलं, पायाला करकचून बांधलेला रुमाल सोडवला, कुणी कापायचं नाही, जाळायचं नाही असं दटावलं आणि समोरच्या जीपवाल्याला चावी लावायला सांगितली. आबा हिंगोलीच्या दवाखान्याकडे निघाले. पाठोपाठ उरलेला गाव माझ्याकडे वळला. मी कागद चाळत होतो. भजनी मंडळाला माझी दया आली असावी. पखवाज घुमला आणि त्यांनी एकनाथांचं विंचवाचं भारूड धरलं. आमच्याच पैठणच्या नाथांनी चारेकशे वर्षांपूर्वी तो विंचू कामक्रोधाचा आहे हे सांगून ठेवलंय आणि ते प्रतीक समजायला मंडपात कोणालाही व्याख्याता लागला नाही. मी टाळ वाजवले. ते बेताल होते, असं पेंटर म्हणाला. समीक्षा त्यालाही येते.

आबांना दवाखान्यात अंगठा बधिर करायचं इंजेक्शन दिलं, रात्रभर नजरेखाली ठेवलं आणि सोडलं. विंचू साधा होता. पुढच्या आठवड्यात ते दुकानात आले, बाकड्यावर टेकले.

"शेठ, ती गोष्ट अर्धीच राहिली. त्या बाईचं काय झालं?"

"वाचली. वीस तासांनी वेदना ओसरली."

"कुणाच्या औषधानं?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग काय म्हनली ती?"

मी सांगितलं. देवाची कृपा, विंचवानं मला निवडलं, माझ्या लेकरांना नाही.

आबा बराच वेळ बैलाच्या चित्राकडे बघत राहिले. मग तंबाखू मळत म्हणाले, "थोर बाई. मी तर जीपमधी बसल्या बसल्या म्हनलो, देवा, बांधावरच्या भावकीला सोडून मलाच कामून धरलं?"