तडीपार जीन्स

डिसेंबर 2020 मध्ये, अख्खा महाराष्ट्र नाकातोंडाला मास्क बांधून बसला होता तेव्हा, राज्य सरकारची नजर आपल्या कर्मचाऱ्यांच्या पायांकडे गेली. जीन्स बंद, टी-शर्ट बंद, स्लिपर बंद, भडक रंग आणि चित्रविचित्र नक्षी बंद, शुक्रवारी खादी. पेहरावामुळे शासनाची प्रतिमा मलिन होते, असं कारण. आम्ही इतकी वर्षं उगाचच समजत होतो की ती अडकलेल्या फायलींमुळे मलिन होते. मार्च 2021 मध्ये जीन्सची तडीपारी उठली, टी-शर्टची मात्र कायम राहिली. जीन्सविना त्या तीन महिन्यांत कारभार किती सुधारला, याचा अहवाल काही वाचनात आला नाही. कुणाच्या तरी जुन्या पँटच्या खिशात राहिला असावा.

मार्च 2024 मध्ये शाळेतल्या सर आणि बाईंचा नंबर लागला. जीन्स-टी-शर्ट नको, सरांनी शर्ट खोचूनच यावं. त्याच आदेशात शिक्षकांना डॉक्टरांसारखी नावाआधी ‘टि’ लावायची मुभाही मिळाली. टी-शर्ट काढून घेतला, पण त्यातला टि तेवढा परत केला. सरकार अगदीच निष्ठुर नसतं.

पण नोकरदार माणूस पगाराकडे बघून शर्ट खोचतो, त्यात गंमत नाही. नियम लावायची खरी मजा अठरा-वीस वर्षांच्या पोरापोरींवर. चेंबूरच्या एका कॉलेजने 2024 साली आधी हिजाब, बुरखा, टोपी नको म्हटलं. उच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. हुरूप वाढला आणि 27 जूनला आणखी एक नोटीस निघाली: फाटकी जीन्स, टी-शर्ट, जर्सी, अंगप्रदर्शन करणारे कपडेही चालणार नाहीत. म्हणजे डोकं झाकलं तर फार झाकलं आणि गुडघा दिसला तर फार दिसला. मुलीने अंगावर नेमकं किती कापड घ्यावं हे कॉलेजने मीटर-सेंटिमीटरमध्ये सांगून टाकलं असतं, तर निदान गणिताचा एक तास सत्कारणी लागला असता.

जर्सीचं तर नशीबच खोटं. पुढच्याच गुरुवारी, 4 जुलैला, वर्ल्ड कप जिंकून आलेली टीम मरीन ड्राइव्हवर बसमधून फिरली आणि सगळा रस्ता निळ्या जर्सींनी भरून गेला. मरीन ड्राइव्हवर ती देशभक्ती होती. हार्बर लाइन पकडून चेंबूरला उतरली की बेशिस्त. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब-टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली. फाटक्या जीन्समधून डोकावणाऱ्या गुडघ्याचं वकीलपत्र कोण घेणार?

देवळांपैकी एकाचंच थोडक्यात सांगतो, कारण ते प्रकरणच थोडक्यात आटोपलं. मे 2023 मध्ये तुळजापुरात हाफ पँट-बर्मुडावाल्यांना प्रवेश नाही, असे फलक लागले आणि ओरड होताच त्याच दिवशी उतरले. (हाफ पँटबद्दल एकूणच आपलं मन द्विधा आहे. संघाने ती 2016 च्या दसऱ्याला सोडली. तोवर प्रौढ माणसाचे उघडे गुडघे हे शिस्तीचं लक्षण होतं.)

मग संस्कारी पोशाख कोणता? अर्थात नऊवारी. पाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत मुली नऊवारी नेसून, नथ-फेटा-गॉगल चढवून बुलेटवर निघतात आणि पेपरवाले कौतुकाने फोटो छापतात. फोटो देखणे असतात, आमची तक्रार नाही. ती नऊवारी शिवलेली असते आणि बाजूला चेन असते, यालाही नाही. फक्त काष्टा घट्ट मारला की पोटऱ्या उघड्या राहतात, हे भात लावणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि पोटऱ्यांमुळे संस्कृती बुडाल्याची नोंद त्यांच्याकडे नाही. तीच मुलगी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तेवढीच पोटरी दाखवणारी थ्री-फोर्थ घालून दुधाची पिशवी आणायला उतरली, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या हातातली बशी ओठांपर्यंत येऊन थांबते.

काका त्या वेळी गॅलरीत बनियनवर उभे असतात. बनियनला काखेत दोन भोकं, पाठीवर एक. “पैसे मोजून फाटकं घेतात हो ही पोरं!” असं ते कळवळून म्हणतात. कळवळा समजण्यासारखा आहे. त्यांचं फाटकं त्यांना फुकट पडलंय.

काकांचा कॉलेजातला एक फोटो भिंतीवर आहे. कानाखाली रुंद कल्ले, खांद्यापर्यंत पोचलेली कॉलर, आणि खाली जी बेलबॉटम आहे तिच्या घेरात आजच्या हिशेबाने दोन जीन्स बसतील. ती बघून त्यांच्या वडिलांनी आठ दिवस अबोला धरला होता, असं काकू पाहुण्यांना हटकून सांगतात.

“ते वेगळं,” काका म्हणतात. “ती फॅशन होती.”

“असेल,” आतून काकू म्हणतात. “पण आधी तो बनियन बदला. समोरच्या वहिनी बघतायत.”