एक जूनचा केक

छुंद्याचं तपेलं उन्हात ठेवायला मागच्या अंगणात गेले, तर भिंतीपलीकडून आवाज आलाच. "वहिनी, पाक आला का हो?"

पाकाशी ताईंना काही देणंघेणं नव्हतं. छुंद्याला आठ-दहा उन्हं लागतात हे त्या माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. चार दिवस त्या घराला कुलूप लावून गेल्या होत्या आणि चार दिवसांचं पोटात साठलं होतं, एवढाच त्या पाकाचा अर्थ.

बडोद्यात मराठी माणूस शोधायचा तर दांडिया बाजार, रावपुरा, वाडी. आमच्या निझामपुऱ्याच्या ओळीत मराठी बोलणारी घरं दोन, आणि ती नेमकी एका भिंतीने जोडलेली. ताई ख्रिस्ती, मूळच्या नगरकडच्या. पस्तीस वर्षं नर्स होत्या, म्हणून सगळी सोसायटी त्यांना सिस्टर म्हणते. मी ताई म्हणते, कारण मी राहायला आले त्याच दिवशी त्यांनी मला वहिनी करून टाकलं.

"एकदाच्या आलात! होतात कुठे?"

"छोटा उदेपूरकडे. अमेरिकेच्या एका चर्चची अकरा मंडळी आली होती. दुभाषी मिळेना. पाळकसाहेब म्हणाले, सिस्टर, तुम्हीच चला. डभोई, बोडेली करत गेलो बसने. काय ऊन हो! त्यातला एक जण तर बोडेलीला उतरून सोड्याच्या गाडीवरून हलेचना."

"बाटवायला आलेले का?" तोंडातून निसटलंच माझ्या.

दुसरी कोणी असती तर भिंतीवरचा हात काढून घरात गेली असती. ताई नुसत्या हसल्या. हा प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकलेला. "टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही वहिनी, त्याला मिशनरी व्हिसा वेगळा लागतो. वर आपल्या गुजरातचा 2003 चा कायदा, 2021 ला आणखी आवळलेला. बसमध्ये चढायच्या आधीच त्यांच्या म्होरक्याने दम भरला होता, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही, पुस्तकं वाटायची नाहीत."

"मग केलं काय चार दिवस?"

"भिंती रंगवल्या."

"भिंती?"

"छात्रालयाच्या. पिवळ्या. अकरा जणांनी दोन दिवस. आमच्या कोपऱ्यावरचा रंगारी पोराला हाताशी घेऊन एका दिवसात उरकून गेला असता. आणि रंगवायच्या कुठे, तर राठव्यांच्या मुलखात!"

इथे आम्ही दोघी पोट धरून हसलो. छोटा उदेपूरकडे राठवा लोकांच्या घरात ओसरीच्या भिंतीवर पिठोरा काढतात. नवस फेडायचा, बडव्याला बोलवायचं, आणि लखारे येऊन अख्खी भिंत घोड्यांनी भरून टाकतात. तिथल्याच परेश राठवांना 2023 साली ह्या कलेसाठी पद्मश्री मिळाली. त्या गावात जाऊन सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी प्लास्टिकच्या बादलीतला पिवळा रंग फासायचा, म्हणजे पैठणला जाऊन पातळ विणून दाखवण्यासारखं झालं.

"हसू नका," ताई स्वतःच डोळे पुसत म्हणाल्या. "मनापासून करत होती बिचारी. हाताला फोड आले एकीच्या. तिचीच तर गोष्ट सांगायचीय."

मी तपेल्यावर मलमल बांधली आणि कैरीची ताटली घेऊन भिंतीपाशी स्टूल ओढलं.

ही बाई पासष्टीची, शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. छात्रालयातल्या एका मुलीसाठी दरमहा पैसे पाठवते. मुलगी सातवीत गेलेली. वर्षाला दोन पत्रं हिची जायची, दोन तिची यायची. मुलीचा फोटो म्हणे तिच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला. आणि ह्या सहलीच्या तारखा तिने मुद्दाम मागून घेतल्या होत्या, कारण एक जूनला त्या मुलीचा वाढदिवस.

"एक जून?" मी कैरी चिरायची थांबले.

"समजलात ना तुम्ही? समजणारच. आमच्या इस्पितळात निम्मे पेशंट एक जूनचे."

आमच्या ह्यांचाही दाखल्यावर एक जूनच आहे. खरे जन्मलेत दिवाळीत. शाळेत घालताना मास्तर विचारणार, तारीख काय. बाप म्हणणार, पाऊस होता एवढं आठवतंय. मग मास्तर आपले लिहून मोकळे. ह्या हिशेबाने आपला निम्मा देश एका दिवसात जन्माला आलेला. ओहायोत की कुठे बसलेल्या त्या बाईला हे कोण सांगणार?

"अलकापुरीतून केक आणला तिने. बर्फाच्या खोक्यात घालून, मांडीवर धरून, शंभर किलोमीटरवर. वर मुलीचं नाव इंग्रजीत. सुट्टी चालू होती तरी मुलींना दोन दिवस आधी बोलावून घेतलेलं. टेबल मांडलं, मेणबत्त्या लावल्या, आणि बाईंना एकदम सुचलं, की आज आणखी कोणाचा वाढदिवस आहे का, असेल तर तिनेही यावं. मी गुजरातीत विचारलं. एकोणीस हात वर!"

"अगं बाई!"

"बाईंना वाटलं, मुलींना प्रश्न कळला नाही. मला म्हणाल्या, परत विचार. परत विचारलं, तर वीस. गृहमाताबाईंचाही तोच."

"मग?"

"मग काय, वीसजणींनी सुरीला हात लावला. केक दोन किलोचा. नखाएवढा एकेक तुकडा आला. त्या मुलीचं नाव होतं तो भाग कोणी खाल्ला देव जाणे."

मला त्या बाईची दया येत होती आणि थोडा रागही. ताईंना म्हटलंही तसं. पैसे द्यायचे तर द्यावेत, पण एवढ्या लांबून पाहायला कशाला यायचं? आपण देवळाच्या पेटीत टाकतो, ते कुठे गेलं हे बघायला जातो का?

"तुम्ही नाही जात. माणसाला वाटतं हो. माझ्या आजीची बाई नाही आली कधी. आजी शेवटपर्यंत वाट बघत होती."

आजीची ही गोष्ट मला तुकड्यातुकड्यांत ठाऊक होती, पण त्या दिवशी ताईंनी ती सलग सांगितली. आजी आपल्या इकडची, खेड्याकडची गुजराती. छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे 1900 साली, घरातलं कोणी उरलं नाही. काय काळ असेल तो! बडोदा संस्थानची माणसं 1891 च्या शिरगणतीत 24 लाखांवर होती, 1901 ला साडेएकोणीस लाखांवर आली. त्या वर्षी पंडिता रमाबाईंची माणसं गुजरातेत फिरून निराधार मुली गोळा करत होती. सात-आठ वर्षांची आजी आगगाडीत बसली ती दौंडच्या अलीकडे केडगावला, मुक्ती सदनात उतरली. तिथे तेव्हा दीड-दोन हजार बायका-मुली. जेवायला मराठी, शिकायला मराठी, छापखान्यात खिळे जुळवायला मराठी. वर्षभरात गुजराती विसरली, फक्त झोपेत बडबडायची म्हणे.

"म्हणजे गुजराती पोर तिकडे जाऊन मराठी झाली आणि तिची मराठी नात इकडे येऊन सिस्टरबेन झाली," मी म्हटलं.

"बडोद्यात सगळे कुठून तरी आलेलेच. तुमचे गायकवाड काय इथलेच होते?"

तर त्या आजीच्या नावाने परदेशातली एक बाई पैसे पाठवायची. तेव्हा ही रीतच पडली होती. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकाने वर्गणी काढून मक्याने भरलेलं 'क्विटो' जहाज मुंबईला धाडलं, आणि वाचकांनी वर्षाला 15 डॉलर देऊन इथलं एकेक अनाथ मूल नावावर घेतलं. रमाबाईंचं शहाणपण असं, की देणाऱ्यांनी इकडे यावं म्हणून त्या थांबल्या नाहीत, स्वतःच तिकडे गेल्या. 1886 ला आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानासाठी म्हणून अमेरिकेत गेल्या, गावोगाव भाषणं दिली, आणि 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनला मंडळ उभं करून दहा वर्षांच्या मदतीचं वचन घेतलं. त्यावर 1889 ला मुंबईत शारदा सदन निघालं. पुढे सदन पुण्याला हलल्यावर 1893 मध्ये तिथे बाटवाबाटवीचा बोभाटा झाला, 'केसरी' तुटून पडला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढचं केडगाव त्या बोभाट्याच्या पलीकडे उभं राहिलं.

"आणि आजीची बाई?"

"एक फोटो होता. टोपी घातलेली, हातात छत्री. आजी तिला 'माझी अमेरिकेची आई' म्हणायची. बाई ऑस्ट्रेलियाची होती, हे मला फोटोमागचा शिक्का वाचून कळलं. तोवर आजी गेली होती."

मला वाटतं, आश्रय देणारा आणि आश्रित ह्यांच्यात हे अंतर बरं असतं. ताईंना ते पटलं नाही. त्यांनी एकदम कमाटीबाग काढली. आंबेडकरांना सयाजीरावांनी 1913 साली कोलंबियाला पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड. 1917 ला तोच विद्वान करारापोटी नोकरीला बडोद्यात आला, तर राहायला खोली मिळेना. पारशाच्या वसतिगृहातून लाठ्या घेऊन हुसकून लावला आणि तो कमाटीबागेत जाऊन बसला. आता तिथे संकल्पभूमी आहे.

"महाराज दिलदार हो," ताई म्हणाल्या, "पण गावाने दार उघडलं नाही. आणि आमची लाज सांगू? त्या दिवशी आंबेडकरांनी दोन मित्रांना विचारलं होतं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्र म्हणाला, उद्या बायको येणार आहे, तिला विचारून सांगतो. त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा नुसती मनीऑर्डर करणं सोपं, वहिनी. ही बाई निदान त्या पोरीच्या पाटावर जाऊन बसली."

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी त्यांना मीठ-तिखट लावलेली कैरी दिली.

"बरं, भेट झाली कशी ते सांगा ना. रडल्या का दोघी?"

"बाई रडल्या. मुलगी बघत राहिली. बाई पत्राखाली सही करायच्या 'तुझी अमेरिकेतली मॉम'. आता त्या मुलीची आई जिवंत आहे, बोडेलीच्या बाजारात टोपल्या विकते. भाषांतर करणाऱ्याने शहाणपणाने प्रत्येक वेळी लिहिलंय 'तमारां अमेरिकानां बेन'. त्यामुळे मुलगी आपली बेन, बेन करतेय, आणि बाई मला विचारतात, बेन म्हणजे मॉम ना?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, इकडे सगळ्या मोठ्या बायकांना मानाने तसंच म्हणतात. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. पण ताईंचा आवाज जरा खाली आला, तेव्हा मी ओळखलं की खरी गोष्ट अजून पुढे आहे. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं. घरात कोणी नसतं त्यांच्या.

"केक झाल्यावर मुलगी माझ्या कानाशी आली. म्हणाली, ही ती बेन नाही."

"म्हणजे?"

"तिच्याकडे फोटो आहे ना, गादीखाली ठेवलेला. ह्या बाई तिला चार वर्षांपासून पैसे पाठवतात. त्याच्या आधी दुसरी होती. छात्रालयात आली तेव्हाची. ती गेली, की पैसे बंद केले, की आजारी पडली, कोणी मुलींना सांगत नाही. कागदावर एक नाव खोडून दुसरं येतं, पत्रं चालू राहतात. ती 'कम्पॅशन' नावाची मोठी संस्था होती ना, 2017 च्या मार्चमध्ये तिला भारतातलं काम गुंडाळावं लागलं, तेव्हा दीड लाखाच्या आसपास मुलांची पत्रं एका झटक्यात थांबली. त्या मानाने हिचं नशीब, दुसरी लगेच मिळाली. पण पोरीचा जीव पहिलीवर. पहिलीने तिला रंगपेटी पाठवली होती. म्हणते, आल्या ते चांगलंच झालं, पण त्या कधी येणार?"

"अरे देवा. हे इंग्रजीत सांगितलंत?"

"बाई विचारत होत्या, काय म्हणतेय, काय म्हणतेय. डोळे असे भरलेले. मी म्हटलं, प्रवासात त्रास झाला का, असं विचारतेय."

"ताई!"

"मग काय करू? पस्तीस वर्षं डॉक्टरांचं म्हणणं पेशंटला आणि पेशंटचं डॉक्टरांना सांगितलं. सगळं कधी सांगितलं नाही."

पलीकडच्या गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मी उगाच मलमलीची गाठ सोडून पुन्हा बांधली. ताईंनी साडीच्या केळातून पाकीट काढलं, त्यातून एक फोटो. कडा मऊ झालेल्या. हिरव्या स्वेटरातली, चष्म्याची एक गोरी बाई, मागे बर्फ.

"निघताना तिने माझ्या हातात दिला. म्हणाली, तुम्हाला इंग्रजी येतं, तर ह्यांना विचारा. आता हा मी कोणाला दाखवू? संस्थेला? की त्या बाईला?"

मी भिंतीवरून हात लांब करून फोटो घेतला आणि उलटा केला. मागे पेन्सिलीने, ठसठशीत गुजराती अक्षरांत लिहिलं होतं, 'पहेलां बेन'. खाली तारीख नव्हती. एक छोटासा घोडा काढलेला होता.