कोलंबचे बदनाम पाहुणे

शंभर वर्षांपूर्वीच्या शिव्या वाचायला मजा येते. देणारा राहिलेला नसतो आणि खाणाराही, त्यामुळे मध्ये पडलं तरी आपल्याला मार बसत नाही. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी अमेरिकेहून आलेल्या हौशी रग्बी संघाला तिथल्या वर्तमानपत्रांनी घातलेल्या शिव्या अशाच निवांत बसून वाचण्यासारख्या आहेत. रस्त्यावरचे गुंड काय, गुत्त्यातले मारामारे काय! आणि हे सगळं ठरलं तेव्हा या मंडळींनी ऑलिम्पिकच्या चेंडूला अजून हातसुद्धा लावला नव्हता.

झालं होतं एवढंच की इंग्लिश खाडी ओलांडताना समुद्र खवळला आणि भल्याभल्या धिप्पाड गड्यांना बोट लागली. बूलोनच्या धक्क्यावर पोचतात तो अधिकारी म्हणाले, उतरायचं नाही. बोट लागलेल्या माणसाला जमीन समोर दाखवून अडवायचं हा काय प्रकार असतो, ते कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्याला आलेल्या पिढीला विचारावं. गडी रेटारेटी करून उतरले आणि दुसऱ्या दिवशी ‘गुंड’ झाले. पुढे पॅरिसमध्ये सरावाला धड मैदान मिळेना, तेव्हा कोलंबच्या स्टेडियमच्या कुंपणावरून चढून आत गेले. हेही अर्थात सभ्यपणाचं लक्षण नव्हे. पण सराव करण्यासाठी कुंपण ओलांडणारे गुंड जगात फार नसावेत.

दुसरा आक्षेप असा की, यांना रग्बी येतच नाही. हा मात्र बराचसा खरा होता. १९०५च्या हंगामात अमेरिकन फुटबॉल खेळताना इतके विद्यार्थी दगावले की कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि बर्कलेच्या विद्यापीठांनी तो खेळ सोडून रग्बी धरलं. जीव वाचवण्यासाठी रग्बीचा आसरा घेणारे लोक इतिहासात बहुधा हेच. १९१३मध्ये न्यूझीलंडचा संघ तिथे आला आणि ५१-३ने अमेरिकेला लोळवून गेला. त्यानंतर काही वर्षांतच दोन्ही विद्यापीठं आपल्या जुन्या फुटबॉलकडे परतली. म्हणजे १९२४चा संघ जमवला तो, खेळ सुटून गेलेल्यांमधून आणि तो कधी न खेळलेल्यांमधून. ऑलिम्पिक समितीने जायला परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. ते पोरांनीच उभे केले. वाटेत इंग्लंडमधल्या सरावाच्या सामन्यांत तिथल्या संघांनी त्यांना चांगले धडे दिले. अशा संघावर ‘कच्चा’ म्हणून टीका करणं म्हणजे पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याच्या वाढण्यात खोड काढणं.

मात्र टीकाकारांना एक गोष्ट आठवायला हवी होती. चारच वर्षांपूर्वी अँटवर्पला याच अमेरिकेने याच फ्रान्सला ८-० हरवून सुवर्णपदक नेलं होतं. (आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले ते हेच ऑलिम्पिक.) पण फ्रान्सने त्या पराभवाची गणना अपघातात केली असावी. पॅरिसला संघ आले तीनच. फ्रान्सने रुमानियाला ६१-३ धुतलं, अमेरिकेने ३७-०. मग १८ मे रोजी अंतिम सामना झाला आणि घरच्या हजारो प्रेक्षकांसमोर फ्रान्स १७-३ हरला.

तिसरा आक्षेप आडदांडपणाचा. तो मी पुसून टाकणार नाही. फ्रान्सचा लाडका वेगवान खेळाडू अडोल्फ जोरेगी याला त्यांनी पुन्हा पुन्हा असं आडवं केलं की त्याला शेवटी उचलून बाहेर न्यावं लागलं, आणि तेव्हा बदली खेळाडू नसत. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूवाल्याला खांदा घालून भुईसपाट करायला शिकवतात. पोरांनी जे येत होतं ते केलं. पण शिट्टी होती वेल्सच्या अल्बर्ट फ्रीथी यांच्याकडे. याच गृहस्थांनी पुढच्या जानेवारीत न्यूझीलंडच्या सिरिल ब्राउनलीला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात मैदानाबाहेर काढलं. आंतरराष्ट्रीय रग्बीत हे पहिल्यांदाच घडलं. आडदांडपणाकडे काणाडोळा करणारा पंच हा नव्हे.

उलट खरी मारामारी प्रेक्षकांत झाली. अमेरिकेच्या बाजूने ओरडणाऱ्या दोघांना काठीचे तडाखे बसले, आणि विजेत्यांचं राष्ट्रगीत वाजलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. तरी मला त्या प्रेक्षकांचाही फार राग येत नाही. सोन्याचं पदक घरात येणार म्हणून तिकीट काढून बसलेल्या माणसाकडून मनाचा मोठेपणा किती मागायचा? पेपरवाल्यांचं मात्र तसं नाही. त्यांना तिकीटही काढावं लागलं नसेल.

आणि ते ‘गुत्त्यातले’ लोक पुढे काय झाले? अ‍ॅलन व्हॅलेंटाइन रॉचेस्टर विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. लेफ्टी रॉजर्स डॉक्टर झाले. लिन फॅरिश दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने युगोस्लाव्हियात टिटोच्या सैनिकांकडे उतरले. असा गुत्ता आपल्याही गावात एखादा असायला हरकत नाही.

तेव्हा माझं मत असं : बूलोनच्या धक्क्यावरची रेटारेटी समज देऊन सोडून द्यावी, जोरेगीच्या बाबतीत थोडं वाईट वाटून घ्यावं आणि ‘गुंड’ हा शब्द मागे घ्यावा. पदकाचा तर प्रश्नच नाही. त्या सामन्यानंतर रग्बी ऑलिम्पिकमधून गेलं ते थेट २०१६मध्ये परतलं, तेही सात-सात जणांचं होऊन. पंधरा जणांच्या रग्बीचं ऑलिम्पिक सुवर्ण त्यांच्यानंतर कोणीच जिंकलेलं नाही.