मूळ रूप जपलंय हं!

प्रीमियर पद्मिनीचा जीर्णोद्धार हा हल्ली घरच्या अंगणातला उद्योग झालाय. १०८९ सीसीचं मूळ इंजिन निघतं, एस्टीमचं बसतं. ताकद मागच्या चाकांना द्यायची, म्हणून गिअरबॉक्स जिप्सीचा. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा भंगारात. त्याच्या भोकाला रबरी बूच. एवढं करून मालक बजावतात, ‘मूळ रूप जपलंय हं!’ जपलंय खरं. चारही चाकांना अजून ड्रमब्रेकच आहेत. म्हणजे पळायचं आजच्या काळात आणि थांबायचं १९६४ सालात. (थांबायला जागा अर्थात पुढच्या रिक्षावाल्याची.) इंजिन बदललं की आरटीओची परवानगी काढून आरसी बुकात नोंद करावी लागते, असं कुणी सुचवलंच, तर हेच मालक दुखावतात: ‘वारशाला कसले आलेत हो कागद?’