जागेवर मिटवलं म्हणे!

वहिनी, ऐकलं ते खरं का हो? तुमच्या भाच्याला म्हणे बोईसर रोडला गाडीने उडवलं, आणि तीन हजार रुपये घेऊन त्याने तिथल्या तिथे मिटवून टाकलं? थांबा, एवढी सुकट परतते आणि वईजवळ येते, मांजर टपून बसलीय मेली. हां, सांगा आता.

काय म्हणता, गाडीवाला भला माणूस होता? मग दवाखान्यात का नाही नेलं पोराला? खिशातून नोटा काढायची ज्याला इतकी घाई, त्याचं कुठेतरी पाणी मुरतंय बघा. लायसन नसेल, नाहीतर विमा संपलेला. आणि विमा चालू असेल तर तो शुद्ध वेडा! गाडी रस्त्यावर काढायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचाच असतो. समोरच्याचं हाड मोडलं तर त्याची भरपाई कंपनीने करायची, त्यासाठीच तर तो असतो. पण लोकांना वाटतं, आपला नो क्लेम बोनस जाईल. अहो, तो स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम केला तर जातो, समोरच्याच्या भरपाईने नाही जात. हे एजंटने सांगायला नको? पण त्याला आपली आठवण हप्त्यालाच येते.

मला कुठून माहीत? आमचे भाऊजी पालघरला वकिलांकडे कारकून होते ना, या अपघातांच्या दाव्यांतच केस पिकले त्यांचे. ‘आपसात मिटवलं’ एवढं ऐकलं की चहाचा कप खाली ठेवतात. पहिल्या दिवशी काही कळतच नाही म्हणतात. अंग गरम असतं, पोरगं उठून उभं राहतं, कपडे झाडतं, ‘काही नाही झालं’ म्हणतं. मग तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजतो. डोक्याला मार असेल तर अजून वाईट. उलटी झाली, पोरगं गुंगीत वाटलं, की रात्र असो पहाट असो, 108ला फोन लावायचा. आणि तुम्ही त्याला हाडवैद्याकडे चोळायला नेलंत म्हणे? नेलंत तर नेलंत, पण तिथे कागद कुठला मिळणार? एक्स-रे काढला का?

काढला? मग पेपरवर काय लिहिलंय ते बघितलं का? नाही ना! तीच तर मेख आहे, वहिनी. आपली माणसं पोलिसांची कटकट नको म्हणून डॉक्टरला सांगतात, ‘मोरीत घसरून पडलो.’ डॉक्टर तसंच लिहितो. बिचाऱ्याने दुसरं काय लिहावं? मग दोन महिन्यांनी ऑपरेशनचा खर्च सांगितला की धावतात वकिलाकडे. कंपनीचा वकील कोर्टात तोच कागद पुढे करतो, हा मोरीत पडला, आमच्या गाडीचा काय संबंध? भाऊजींनी म्हणे असे कितीतरी चांगले दावे त्या एका ओळीवर आडवे झालेले पाहिलेत. गाडीने ठोकर दिली, अमुक ठिकाणी, अमुक वेळी, असं सांगायचं. मग दवाखान्यातले एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, करतात आणि पोलिसांना कळवतात. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? ठोकलं त्याने, घाबरायचं आपण?

आता पोलिसांत उशीर झाला, ते खरं. पण तेवढ्याने दावा बुडत नाही. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की नुसता फिर्यादीला उशीर झाला म्हणून भरपाई नाकारायची नाही, उशीर का झाला ते पटलं पाहिजे. अहो, तो उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात आठवतो ना, चारोटीच्या सूर्या नदीच्या पुलावरचा? 4 सप्टेंबर 2022, रविवार होता. उदवाड्याहून मुंबईला निघालेली गाडी, कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, मागे पट्टा लावलेला नव्हता. एवढं मोठं नाव, तरी कासा पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो नोव्हेंबरात. म्हणजे पोलिसांच्या कागदांना वेळ लागतोच. पण मागच्या सीटच्या पट्ट्याचं इथे अजून कोणी मनावर घेत नाही, आमचे हे तर पोलीस दिसला की छातीवर नुसता ओढून धरतात!

पैसे? सांगते ना. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं तर कायद्याने ती गंभीर दुखापत. चूक कुणाची हे न बघता अडीच लाख मिळायची सोय आहे. मृत्यू झाला तर पाच लाख. ऐकायला बरं वाटतं, पण ते घेतलं की मोठ्या दाव्याचं दार बंद. पोराचा हात किंवा पाय कायमचा अधू राहणार असेल तर अडीच लाखांवर सही करायच्या आधी दहा वेळा विचार करावा. मोठ्या दाव्यात औषधपाणी, बुडालेला पगार, अधूपणा, सगळं धरतात. पण पगार दाखवायचा कसा, तिथे आपली एमआयडीसीतली पोरं अडकतात. ठेकेदाराकडे कामाला, हातात रोख, स्लिपचा पत्ता नाही. बँकेत पगार जमा होत असेल तर पासबुक तरी भरून घ्यायला सांगा त्याला. दावा आपण राहतो तिथल्या हद्दीतही लावता येतो, गाडीवाल्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही.

आणि हो, गेल्या वर्षी, 2025च्या मे महिन्यात, केंद्राने योजना आणलीय, यादीतल्या दवाखान्यात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत पैसे न भरता उपचार. तुमचे ते सात दिवस मालिशीतच गेले, त्याला आता इलाज नाही. पळून गेलेल्या गाडीचंही सरकार देतं, जबर दुखापतीला पन्नास हजार. तुमच्याकडे तर नंबर आहे ना? मोबाईलमध्ये फोटो काढलाय म्हणाला? शाब्बास, पोरगं अगदीच भोळं नाही म्हणायचं.

मात्र त्या तीन हजारांच्या वेळी कागदावर सही केलीय का, ते नीट विचारा. ‘माझी काही तक्रार नाही’ असं कुणाच्याही वहीवर लिहून दिलं असेल तर वकिलाला पहिलं ते सांगायचं, लपवायचं नाही. आणि 2022च्या एप्रिलपासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत केलीय, गणपती झाले की बघू, दिवाळी झाली की बघू, असं चालायचं नाही.

तेव्हा उद्या सकाळीच त्याला एक्स-रे, औषधाच्या पावत्या, तो फोटो, सगळं पिशवीत घालून इकडे पाठवून द्या. भाऊजी घरी आहेत.