गुरुजींची लिंबोणी

"ऐकलंस का गं, गुरुजींची लिंबोणी गेली." तारेपलीकडून आत्याबाई अशा सुरात बोलल्या, की मी आधी घरातलं कुणी आजारी आहे का तेच आठवू लागले.

"गेली म्हणजे? परवा तर हिरवीगार होती."

"व्हती की. थोरल्यानं उसाला आणलेल्या युरियाचं अर्धं घमेलं बुडाशी वतलं अन् पाणी द्यायचं इसरला. चार दिसांत पानांचे शेंडे करपले. आता अंगणात नुसता पानांचा सडा."

पळसदेवात हे नवं नाही. उजनी धरणाचं पाणी आलं तसा ऊस आला आणि उसाच्या मागोमाग पोती आली. 45 किलोचं युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं, डीएपीचं 50 किलोचं साडेतेराशेला. स्वस्त पडतं तिथं हात सैल सुटतो. उसातून उरलेलं परड्यातल्या झाडांना जातं, मोजमाप काही नाही. आपल्याकडं झाडं खतावाचून फारशी मरत नाहीत, मरतात ती उदारपणानं, असं माझं ठाम मत आहे. आत्याबाईंचंही आहे, फक्त त्यांचा राग गुरुजींच्या पोरावर जास्त.

"किती द्यायचं असतंय मग?"

"राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस बघा. पुरत्या वाढलेल्या लिंबोणीला वर्षाला 600 ग्रॅम नत्र. युरियात धरलं तर 1300 ग्रॅम. तेही तीनदा विभागून, शेणखत आणि निंबोळी पेंडीच्या जोडीनं."

आत्याबाईंनी बोटं मोजली. "म्हंजी एका टायमाला अर्धा किलोबी न्हाय! अन् ह्यानं?"

"पाच-सहा किलो असेल. शिवाय खोडाला चिकटून."

"खोडाला काय तोंड असतंय व्हय!"

इथं बाई बरोबर होत्या. खाणारी बारीक मुळं बाहेरच्या अंगाला असतात. भर दुपारी झाडाची सावली जिथवर पडते, त्या कडेनं गोल चर काढायचा, चार बोटं खोल. खत पसरायचं, मातीआड करायचं आणि लगेच पाणी. उघड्यावर पडलेल्या युरियातलं नत्र आपल्या चुनखडीच्या जमिनीत वायू होऊन उडून जातं. म्हणजे पैसे वाऱ्यावर.

"आता जगंल का ती?"

"बुडाची माती खरवडून लांब टाका म्हणावं. मग भरपूर पाणी, म्हणजे खार खाली उतरेल. पण काळ्या रानात पाणी तुंबू द्यायचं नाही, नाहीतर करपण्यातून वाचेल आणि मुळं कुजून जाईल."

"सांगते. पर ती सून ऐकायची न्हाय. मागल्या वर्षी तिला…" इथून पुढं दहा मिनिटं जे झालं, त्याचा झाडांशी संबंध नव्हता.

मग त्यांनी पदराआडून एक पान काढलं. त्यांच्या पेरूचं. पिवळं पडलेलं, शिरा तेवढ्या हिरव्या. "हे बघ माझ्या सरदाराचं. दुकानवाला म्हनतोय डीएपी दे."

"मुळीच नको. हा लोहाचा तुटवडा. जमिनीत लोह आहे, चुनखडीमुळं झाडाला घेता येत नाही. त्यात स्फुरद जास्त झालं की आणखी अडतं. हिराकस आणा, शेणखतात मिसळून आठवडाभर मुरू द्या, मग आळ्यात घाला. आणि बारामतीला शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा माती तपासून घ्या."

सरदार पेरू म्हणजे लखनौ-49. नाव लखनौचं, पण निवड झाली 1927 साली पुण्याच्या गणेशखिंडीत, डॉ. चीमांच्या हातून. हे सांगितल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी पुन्याचाच हाय! तरीच एवढा नखरा."

"जुन्या गावात कुनी झाडाला खत इकत आनलं न्हाय बग," त्या पुढं म्हणाल्या. "भीमा चढायची अन् पोयटा टाकून जायची." ते गाव उजनीखाली गेलं. धरण 1980 साली पूर्ण झालं. आता उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, आणि ते बघायला येणाऱ्या गाड्यांशेजारून गाळाचे ट्रॅक्टर जातात.

"दोन खेपा टाकाव्या म्हनते परड्यात."

"हलक्या माळाला चांगला. तुमच्या काळीत चिकणमाती आणखी कशाला? अन् पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीतच येतं की."

"खरं हाय. पुन्याचा नखराबी आपल्याकडं अन् घानबी आपल्याकडं."

मग त्या मुद्द्यावर आल्या. त्यांच्या थोरल्या दिरांना म्हणे यंदा रानात मेंढरं बसवायला धनगरांचा वाडा मिळाला, आणि ह्यांना एक पाटी लेंडी दिली नाही. सख्खा दीर! मी म्हटलं, परड्याला वाडा लागत नाही, गोठ्यातलं शेण आहे ना.

"हाय की. कालचंच हाय, ताजं."

"ताजं घालू नका. कच्च्या शेणात हुमणी वाढते आणि मुळं कुरतडते. हाताला गार लागेपर्यंत, वास जाईपर्यंत कुजू द्या."

"तवर झाडं काय उपाशी ठेवू?" नजर माझ्या कोपऱ्यातल्या खड्ड्यावर. तिथं शेळीच्या लेंडीचं खत आहे, गेल्या पावसाळ्यापासून मुरलेलं. आमच्या ह्यांनी ते डाळिंबाच्या आंबे बहारासाठी राखून ठेवलंय.

"चार पाट्या दे. पेरू लागले की पयली पाटी तुझी."

"सरदाराची पानं पिवळी आहेत, आत्याबाई. पेरूचं कसं धरू?"

"बरं, शेवगा घेऊन जा. पर चारच्या पाच कर."

तीनवर तोडलं. शेवग्याच्या शेंगा मी तिथंच मोजून घेतल्या.