नव्व्याण्णव लाखांतले चार

कॅसेटवर आकडा छापलेला असायचा: ९९९९९९९ इन १. म्हणजे नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. एका गेमला एकच मिनिट द्यायचं ठरवलं आणि झोप, जेवण, शाळा सगळं सोडून बसलं, तरी यादी संपायला १९ वर्षं लागली असती. प्रत्यक्षात गेम निघायचे डझन-दीड डझन. पुढं सगळी पुनरावृत्ती. तीन नंबरला मारिओ, एकतीस नंबरला पुन्हा मारिओच, फक्त थेट रात्रीच्या स्टेजपासून. पण नांदेडच्या वजिराबादेतून ती कॅसेट घेऊन येणाऱ्या कुणालाही फसल्यासारखं वाटलं नाही. लग्नपत्रिकेत प्रमुख उपस्थिती म्हणून जेवढी नावं छापतात तेवढे सगळे पुढारी येतात थोडेच? छापली की मांडवाची शोभा वाढते, एवढंच.

मशीन कुणाच्या घरी 'मीडिया'चं, कुणाकडं 'लिटल मास्टर', कुणाच्या डब्यावर काहीच नाही. आतला जीव मात्र एकच होता: निन्टेंडोनं १९८३ साली जपानात काढलेला फॅमिकॉम. त्याच्या नकला तैवान-चीनमध्ये निघाल्या आणि जगभर पसरल्या. रशियात १९९२ पासून तेच यंत्र 'डेंडी' म्हणून खपलं. मुदखेडपर्यंत येताना त्याचं कूळ-मूळ वाटेत कुठंतरी गळून पडलं. आमचं गाव जंक्शन. मनमाड-सिकंदराबाद लाइनीवरून आदिलाबादचा फाटा इथूनच फुटतो. जंक्शनच्या गावात आलेल्याला चहा विचारतात, दाखला मागत नाहीत. निन्टेंडो हे नाव मी ऐकलं तेव्हा मला मिसरूड फुटली होती.

त्या यादीची एक गंमत आता लक्षात येते. तिच्यात प्रत्येक गेमला एकच ओळ. मारिओलाही एक, पाखराच्या गेमलाही एक. कोणता थोर आणि कोणता फालतू, हे सांगायला ना जाहिरात होती, ना मासिक, ना अमेरिकेतला मामेभाऊ. त्यामुळं मुदखेडात जी आवड तयार झाली ती अस्सल गावरान. उरलेलं काम विजेनं केलं. लोडशेडिंगचे दिवस होते, लाइन कधी जाईल याचा नेम नसे. मारिओला ३२ स्टेज, आणि खेळ जपून ठेवायची सोय मुळीच नाही. राजकन्येच्या किल्ल्यापाशी पोचावं आणि पंख्यासकट सगळं थंड व्हावं, असं दोन-चारदा झालं की माणूस राजकन्येचा नाद सोडतो. मग जे गेम पाच मिनिटांत संपतात, ज्यांत गमावण्यासारखं फारसं काही नसतं, ते पुढं आले. लाइन आली की घाईघाईनं लावायचे, गेली की 'जाऊ दे' म्हणायचं.

त्यातला पहिला मान रणगाड्यांचा. नामकोनं १९८५ साली काढलेला 'बॅटल सिटी'; आम्ही त्याला 'टँक' म्हणायचो. खाली मधोमध एक गरुड, भोवती विटांची भिंत, वरून शत्रूचे वीस रणगाडे. दोघं मिळून गरुड राखायचा. आता गंमत बघा, तुमची गोळी जोडीदाराला लागली की तो मरत नाही, जागच्या जागी लुकलुकत थिजून राहतो. भावाभावांतल्या निम्म्या मारामाऱ्या या एका सोयीमुळं झाल्या असतील. शिवाय स्वतःचा गरुड स्वतःच उडवता यायचा. हरायला लागलं की धाकटा तोंड फिरवून आपल्याच भिंतीवर गोळ्या झाडायचा, आणि वर "चुकून लागलं" म्हणायचा. बक्षिसांत तारा, बॉम्ब, घड्याळ यायचं, पण सगळे धावायचे फावड्याकडं. फावडं मिळालं की विटांची भिंत काही वेळापुरती लोखंडी व्हायची. शेतकऱ्यांच्या घरातल्या पोरांना याहून पटणारं शस्त्र जपानी माणसाला दुसरं कुठलं सुचणार? त्यात आपला नकाशा आपण रचायचीही सोय होती. आम्ही लोखंडी ठोकळ्यांचे रूळ टाकून मुदखेड स्टेशन करायचो, आदिलाबादकडं वळणारा फाटासुद्धा काढायचो, पाण्याची नदी करून तिला गोदावरी म्हणायचो. गोदावरी मुदखेड स्टेशनातून वाहत नाही, पण तक्रार कुणी केली नाही.

'बायनरी लँड'चं नाव तर कुठल्या मोठ्या यादीत सापडायचं नाही. हडसन कंपनीचा, १९८५चाच. पडद्याच्या दोन अंगांना दोन पेंग्विन, एक नवरा, एक बायको. कंट्रोलर एकच. डावं बटण दाबलं की एक डावीकडं जातो, दुसरी उजवीकडं. वर-खाली मात्र दोघं बरोबर. वाटेत कोळ्याची जाळी. दोघांनी एकदमच वरच्या बदामापाशी पोचायचं. एकटा आधी पोचून उपयोग नाही. हा गेम पोरांना फारसा कळला नाही, आमच्या आत्याला मात्र पहिल्या बैठकीत कळला. ती कंट्रोलर हातात घेत नसे, पलंगावर शेंगा फोडत सूचना द्यायची. "अरं ते बाई जाळ्यात अडकायलीय, तिच्याकडं बघ की आधी! ह्यो काय, आपला भिंतीला डोकं लावून उभा राहायलाय." सासरी तिचं आणि मामांचं फारसं जमत नसे, हे आम्हाला तेव्हा माहीत होतं की नाही, कोण जाणे.

आईचा गेम वेगळा. १९८६चा 'बर्ड वीक'. पाखराची आई फुलपाखरं धरून आणते आणि घरट्यातल्या पिलांना भरवते. पुरेशी भरवली की पिलू उडून जातं, की दुसरी पिलं हजर. वरून ससाणा झडप घालतो, त्याच्यावर अळंबी टाकून त्याला गपगार करायचं. एवढाच खेळ. गोळी नाही, राक्षस नाही. आम्ही त्याला हसायचो. आई स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, एका पिलाला जगवायची आणि परत फोडणीकडं जायची. आणि म्हणायची, "इथं बी तेच काम."

बाकीच्यांचे धावते उल्लेख पुरे. सिंहावर बसून आगीच्या रिंगणातून उड्या मारणारा सर्कशीतला चार्ली. 'रोड फायटर'मधली ताशी ४०० किलोमीटर धावणारी लाल गाडी, तीही अशा गावात जिथं पॅसेंजर बाहेरच्या सिग्नलला थांबली की माणसं उतरून शेतातून घरी जायची. आणि बदकं मारायची बंदूक. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन झळकतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. आधी काळोख दिसावा लागतो, म्हणून बल्बवर नेम धरून चालूपणा करता येत नसे. गावात सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. शेजारी भाड्यानं राहणाऱ्या त्या दलातल्या एका काकांना तीन डावांत एकही बदक पडलं नाही. पडद्यावरचं कुत्रं हसलं. असली बंदुकीत असं होत नाही, असं त्यांनी हिंदीत पुन्हा पुन्हा बजावलं, आणि पुढं आमच्याकडं यायचं असलं की आधी टीव्ही बंद आहे का, ते खिडकीतून बघायचे.

लाइन गेली की हातातला ब्रिक गेम निघायचा. तो माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला. तिकडं मोठी माणसं घोडे-गाढवांचे दात मोजत असायची तेव्हा आम्ही ९९९९ इन १ची बटणं दाबून बघत असू. दहा घरं आडवी, वीस उभी, सगळी चित्रं त्या ठोकळ्यांतच: ठोकळ्यांची मोटार, ठोकळ्यांचा साप, ठोकळ्यांचा बेडूक. मूळ खेळ मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव यांचा, १९८४चा 'टेट्रिस', ज्याच्या मिळकतीतलं त्यांच्या वाट्याला बरीच वर्षं जवळपास काही आलं नाही. त्या यंत्राची एकच अडचण: पडद्याला उजेड नाही. म्हणजे लाइन गेल्यावर खेळायचा गेम खेळायला कंदील लागायचा. पेन्सिल सेल मेले की उन्हात वाळत घालायचे, पापडांच्या शेजारी.

निन्टेंडोचे गुनपेई योकोई यांनी म्हणे बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहिला, आणि त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' हा हातातला गेम निघाला. ते आदिलाबाद पॅसेंजरला बसले असते तर हा शोध लागलाच नसता. आमच्या गाडीत एकटं कंटाळायला मिळत नाही. ब्रिक गेम एकाच्या हातात आणि भोवती सात-आठ डोकी. फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या मावश्या, भोकरला उतरणारे गुरुजी, सगळ्यांचं मत. "आडवं कर, आडवं! अरं, उभं कशाला घालायलास?" गुरुजींनी एकदा यंत्र हातात घेतलं ते भोकर मागं पडल्यावरच परत दिलं.

पुढं इंटरनेट आलं तेव्हा थोर गेमच्या याद्या वाचल्या आणि त्यांत टँक कुठं दिसेना. कारण साधं निघालं: 'बॅटल सिटी', 'बायनरी लँड', 'बर्ड वीक' हे त्या काळी अमेरिकेत विकायलाच आले नव्हते, आणि याद्या करणारे बहुतेक तिकडचे. नकला करणाऱ्यांना मात्र हे गेम फार सोयीचे, कारण आकारानं चिमुकले: टँक अवघा २४ किलोबाइटचा. मुदखेडच्या गुलाबाचा फोटो टाकून रोज सकाळी व्हॉट्सॲपवर जो सुविचार येतो, तोही याच्यापेक्षा जड भरेल.

गेल्या दिवाळीत भाच्यानं जुन्या गेमचा एक डबा ऑनलाइन मागवला. ६२० गेम. आकडा बघून माझं तोंड उतरलं. खरा वाटावा इतका लहान. पण लाइन आता तशी जात नाही, त्यामुळं दोघांनी बसून मारिओ शेवटपर्यंत नेला. इतक्या वर्षांनी ती राजकन्या एकदाची भेटली. तिनं आभार मानले आणि लगेच सांगितलं की ही मोहीम संपली, आता पहिल्यापासून नवी घ्या, याहून अवघड. भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बाई, तुझं चालू दे," आणि टँक लावला. दुसऱ्याच मिनिटाला त्यानं मला मागून गोळी घातली आणि म्हणाला, "मामा, चुकून लागलं."